हिवाळ्याचा फलक आणि घरातला हिशेब

दिवाळी सरली की भाजीबाजाराचा रंग बदलतो. वालपापडी, तुरीच्या शेंगा, ओली हळद, पातीचा लसूण, मेथी, मुळा आणि थोड्या दिवसांनी उत्तरेकडचे लाल गाजर येऊ लागते. घरात आपण या दिवसांचा बेत ठरवायला मुद्दाम बसत नाही. पिशवीतून जे आले ते चुलीवर चढते. पण ज्याचे छोटेसे हॉटेल आहे, त्याला बसून ठरवावेच लागते. काय शिजवायचे, किती, कोण शिजवणार आणि उरले तर त्याचे काय, हे सगळे आधीच.

उल्हासनगर कॅम्प नं. ३ मध्ये आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे सहा टेबलांचे हॉटेल आहे. यंदा हिवाळ्याचे खास पदार्थ ठेवायचे त्याच्या मनात आले. बावीस पदार्थांची यादी घेऊन तो आमच्याकडे आला. “टीचर, फलक मराठीत आणि उर्दूत पाहिजे. अक्षर तुमचेच पाहिजे.” आम्ही म्हटले, बेटा, लिहिण्याआधी वाचू तर दे.

यादीत निहारी, पाया, हलीम, खिचडा सगळे होते. शिवाय काश्मिरी, अफगाणी अशी भारदस्त नावे. त्याच्याकडे एक बावर्ची आणि दोन पोरे. आम्ही प्रत्येक पदार्थासमोर एकच प्रश्न लिहिला: हे कोण करणार? बावीसपैकी सात ठिकाणी उत्तर आले, “अम्मी घरून करून देईल.” गाजर किसणे, शेंगा सोलणे, डिंकाचे लाडू वळणे, बाजरीची भाकरी थापणे. खर्चाच्या कागदावर मात्र अम्मीसमोर शून्य होते.

तो शून्य आम्ही तसाच बाजूला ठेवला आणि आधी गिऱ्हाईक पाहिले. हे गाव काही जुने नव्हे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथल्या बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी या वस्तीला उल्हासनगर नाव दिले. कॅम्प हा शब्द पत्त्यात कायमचा राहिला. सिंधी मंडळी येताना घरदार आणू शकली नाहीत, पण चव घेऊन आली. हिवाळ्यात इथल्या बाजारात कमळकाकडी दिसते, तिला ते भें म्हणतात. पालक, चुका, शेपू आणि चण्याची डाळ एकत्र शिजवून घोटलेली साई भाजी, सोबत तपकिरी कांद्याचा भुगा भात, हे त्यांच्या घरचे जेवण. मग कॅम्प तीनमधल्या हॉटेलच्या हिवाळी यादीत अफगाणी पदार्थ असावा आणि साई भाजी नसावी, हे कसे? पालक, चुका, शेपू तिन्ही याच दिवसांत ताजे आणि स्वस्त. शाकाहारी माणसालाही चालते. भांडी मात्र वेगळी ठेवायची आणि तसे सांगायचेही.

आता निहारी. अरबीत ‘नहार’ म्हणजे दिवस. निहारीचे नाव त्यावरून आले असे सांगतात, कारण रात्रभर मंद आचेवर शिजवून ती सकाळी खायची. आपली मराठी न्याहारी तिची सख्खी बहीण. वर्गात हे सांगितले की मुले हसतात, पण विसरत नाहीत. म्हणजे निहारीचा खरा खर्च मांस-मसाल्याइतकाच रात्रीच्या जागरणाचा आणि इंधनाचा आहे. २०१५ पासून महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे, त्यामुळे निहारी म्हशीच्या मांसाची किंवा मटणाची. यापैकी कोणती, हे फलकावर स्पष्ट लिहावे असे आम्ही सुचवले. खाणाऱ्याला विचारावे लागू नये.

मग कागद-पेन्सिल. हॉटेलवाल्यांचा एक साधा ठोकताळा आहे. कच्च्या मालाचा खर्च विक्रीच्या किमतीच्या साधारण एक तृतीयांश असावा. ताटाला ५० रुपयांचा माल लागत असेल तर ताट १५० च्या आसपास. उरलेल्या शंभरात भाडे, गॅस, वीज, पगार आणि सर्वांत शेवटी नफा. मालाचा भावही बाजारातला धरून चालत नाही. समजा मटारच्या शेंगा ६० रुपये किलो. किलोभर शेंगांतून निम्म्याहून कमी, साडेचारशे ग्रॅमच्या आसपास दाणे निघतात. म्हणजे दाण्यांचा भाव १३० च्या वर गेला, आणि सोलायची मेहनत वेगळी. गाजराच्या हलव्याचे तसेच. दूध आटते, गाजर आटते, कढई भरून चढवलेला ऐवज उतरताना अर्धा दिसतो.

या मेहनतीपाशी आम्ही पुन्हा त्या शून्यावर आलो. “अम्मीचे रोज किती तास जातात?” त्याला सांगता आले नाही. आठवडाभर घड्याळ लावून लिहून ठेव म्हटले. रोजचे तीन तास निघाले. हेच काम बाहेरच्या बाईकडून करून घेतले असते तर मजुरी द्यावी लागली असती, आणि ती धरली तर त्याच्या सातपैकी चार पदार्थांची ठरवलेली किंमत तोट्याची होती. तो म्हणाला, “अम्मी पैसे घेणारच नाही.” आम्ही म्हटले, हे तू ठरवू नकोस, त्यांना विचार.

त्याने विचारले. अम्मी म्हणाल्या, “पैसे नकोत असे मी कधी म्हटले? कोणी विचारलेच नाही. आणि ऐक, गुडघे दुखतात. रोजच्या पन्नास भाकऱ्या माझ्याने होणार नाहीत. लाडू करीन, बसून होतात.”

या तीन वाक्यांनी यादी आपोआप लहान झाली. बावीसचे सहा पदार्थ उरले. निहारी फक्त शुक्रवारी आणि रविवारी, बावर्ची हॉटेलातच रात्रभर देग सांभाळणार, त्याचा वेगळा भत्ता आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी. साई भाजी आणि भुगा भात रोज. मटार-मेथी रोज. पाया बुधवारी. वालपापडी आणि तुरीचे दाणे घातलेली खिचडी, भाव उतरेल त्या दिवशी. आणि डिंकाचे लाडू, नगावर, त्यांचा हिशेब अम्मींच्या वहीत. पालक-मेथी दोन पदार्थांत फिरते, त्यामुळे संध्याकाळी उरत नाही. अन्न फेकणे आपल्याकडे गुन्हाच मानतात, आणि छोट्या हॉटेलात तर ते सरळ खिशातून जाते.

शेवटी दिनदर्शिका. आपल्याकडे थंडी म्हणजे डिसेंबर आणि जानेवारी, फार तर अर्धा फेब्रुवारी. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. २०२७ साली तो फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास येईल, २०२८ साली जानेवारीच्या अखेरीस, २०२९ मध्ये जानेवारीच्या मध्यावर, आणि २०३० मध्ये तर वर्षाच्या आरंभी एक आणि डिसेंबरअखेर दुसरा. चंद्र दिसण्यावर एखादा दिवस इकडे-तिकडे. म्हणजे सकाळची निहारी विकणाऱ्याचा हंगाम पुढची काही वर्षे आखूडच होत जाणार, आणि इफ्तार-सहरीची यादी वेगळी करावी लागणार. मोठी देग उधारीवर घेण्याआधी हे पाहायला हवे होते. त्याने पाहिले आणि देग भाड्याने घेतली.

मग आम्ही फलक लिहिला. वर मराठी, खाली उर्दू. पहिल्याच दिवशी एका वयस्क सिंधी काकांनी तो उर्दू बाजूने वाचला. त्यांची शाळा अरबी लिपीतल्या सिंधीत झालेली. साई भाजीवर बोट ठेवून म्हणाले, “ही खरी घोटलेली आहे ना?” पोराने ताट आणून ठेवले.

आमच्या वाचक भगिनींपैकी कितीतरी जणी घरून डबे देतात, मसाले करतात, मुलाच्या किंवा नवऱ्याच्या गाड्यासाठी पहाटे उठून वाटण करतात. या हिवाळ्यात एक आठवडा घड्याळ पाहून आपले तास लिहून ठेवा. पैसे घ्यायचे की नाही, ते नंतर ठरवा. पण वहीत तुमच्या नावासमोर शून्य राहू देऊ नका.