पांढऱ्या तांदळातला पांढरा खडा

आमच्या बुटीबोरीच्या बचत गटात एक मावशी आहेत. वय साठीच्या पुढं. सून औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाते, त्यामुळे घरचं रांधणं मावशींकडे. एकदा बैठक संपल्यावर त्या मागं थांबल्या. म्हणाल्या, "ताई, मले आता तांदूळ निवडाले देत नाईत. खडे राह्यतेत म्हंतेत. नवा चष्मा केला, तरी राह्यतेत."

मावशींना पार्किन्सन आहे. हाताचा कंप सगळ्यांना दिसतो, गोळ्याही चालू आहेत. पण या आजाराचा डोळ्यांशी काही संबंध असेल हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. खरं तर मलाही ठाऊक नव्हतं. मीच त्यांना नेत्रशिबिरात नेलं. मोतीबिंदू नाही, चष्मा बरोबर आहे, असं सांगून आम्हाला परत पाठवलं. घरच्यांनी त्याचा अर्थ काढला, म्हातारी कामचुकारपणा करते!

मग मी माहिती काढली. या आजारात मेंदूतलं डोपामिन कमी होतं. हेच रसायन डोळ्याच्या पडद्यातही काम करतं. ते कमी झालं की तक्त्यावरची काळी अक्षरं वाचता येतात, पण फिकट फरक कळत नाहीत. पांढऱ्या तांदळातला खडा, पांढऱ्या कपातलं दूध, अंधुक उजेडातला उंबरठा. एरवी आपली पापणी मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा लवते. या आजारात ती फार कमी लवते, डोळे कोरडे पडतात, धूसर दिसतं. जवळचं पाहताना दोन्ही डोळे नीट आत वळत नाहीत, मग एका सुईच्या दोन सुया दिसतात.

आणखी एक गोष्ट मावशींनी फार उशिरा सांगितली. संध्याकाळी शेगडीजवळ मांजर बसलेली दिसते. घरात मांजर नाही. "कोणाले सांगू नका ताई, बाहेरचं लागलं म्हंतीन." असे भास या आजारात होतात, कधी त्याच्या औषधांमुळेही होतात. डॉक्टरांना सांगितलं तर औषधात बदल करता येतो. पण म्हाताऱ्या बाईला भास होतात म्हटल्यावर तिच्या वाट्याला काय येतं, हे मैत्रिणींनो, तुम्हाला वेगळं सांगायला नको.

हा आजार पुरुषांत जास्त आढळतो. घरातल्या पुरुषाला झाला, की त्याची बायको त्याचं सगळं करते. बाईला झाला, की ती स्वयंपाक करतच राहते आणि तिच्या आजाराची लक्षणं तिच्या कामातल्या चुका म्हणून मोजली जातात. मी सुनेला दोष देत नाही. आठ तास उभं राहून आलेल्या बाईच्या घासात खडा आला, तर ती चिडणारच. तिलाही कोणी काही समजावलेलं नाही.

उपाय अगदीच नाहीत असं नाही. कोरड्या डोळ्यांसाठी थेंब मिळतात. दोन दोन दिसत असेल तर खास भिंगाचा चष्मा लागू शकतो. तांदूळ गडद रंगाच्या ताटात, खिडकीशी बसून निवडावेत. उंबरठ्यावर ठळक रंगाची पट्टी लावावी. मात्र औषधं आपल्या मनानं बंद करू नयेत. काही औषधांनीही धूसर दिसतं, तेही डॉक्टरांना विचारावं. बुटीबोरीहून नागपूरच्या वाटेवर मिहानमध्ये एम्स आहे. पण मावशींना तिथं नेण्यासाठी कोणाला तरी एक रोजी बुडवावी लागते. गटानं आळीपाळीनं हे काम घेतलं पाहिजे.

२०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यात पार्किन्सनचा नावानिशी समावेश आहे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल, तर काही सवलतींवर हक्क सांगता येतो. किती बायांनी त्यासाठी अर्ज केलाय? तो भरायला आपण त्यांच्याबरोबर बसलं पाहिजे.

आपण नेत्रशिबिरं भरवतो, किती मोतीबिंदू निघाले ते अहवालात लिहितो. यापुढं तिथं आलेल्या प्रत्येक वयस्क बाईला आणखी तीन प्रश्न विचारूया. दोन दोन दिसतं का? कमी उजेडात अडखळायला होतं का? नसलेलं काही दिसतं का? तिसरा प्रश्न मात्र तिला बाजूला घेऊन, एकटीलाच विचारायचा.