आचारी की आचार्य? छपाईच्या मुक्त आज्ञावलीकडून मराठीच्या मागण्या

सीमाभागातील एका गावच्या हरिनाम सप्ताहाचा छापील जमाखर्च परवा आमच्या हाती आला. त्यात 'भंडार्याच्या आचार्यांना मजुरी' अशी नोंद आहे. आचाऱ्यांचे आचार्य झाले! गावाने ते हसण्यावारी नेले. पण चूक ना हिशेब लिहिणाऱ्याची, ना गावाची. जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये आणताना यंत्राने रफार आणि 'ऱ्या'तील अर्धा र एकच मानला. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या डोंगरातल्या, हा भेद मराठीचा आहे. तो आपल्यासाठी दुसरे कोण जपणार?

आपल्याकडील अनेक छापखाने अजून पेजमेकरवरच चालतात. त्याची शेवटची आवृत्ती २००१ सालची. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे; पण पेजमेकरला युनिकोड कधी कळलेच नाही. त्यामुळे प्रत्येक फॉन्टचा नकाशा निराळा आणि तो फॉन्ट गेला की मजकुराची खिचडी. आमच्याच जुन्या अंकांच्या कित्येक फायली आज उघडतात, पण वाचता येत नाहीत. दुसरीकडे इनडिझाइनची नवी आवृत्ती २०१३ पासून भाड्यानेच घ्यावी लागते. तालुक्याच्या साप्ताहिकाला ते परवडत नाही. मग चोरीची प्रत वापरली जाते, हे उघड गुपित आहे.

यावर उपाय म्हणून स्क्रायबस या मुक्तस्रोत आज्ञावलीकडे पाहावे लागते. ती विनामूल्य आहे आणि तिचा स्रोत कोणालाही पाहता, बदलता येतो. बरीच वर्षे तिच्यात जोडाक्षरे फुटत. पुढे अरबीसाठी ओमानमधील एका गटाने पुढाकार घेतला आणि त्याच कामाचा लाभ देवनागरीला झाला. जानेवारी २०२४ मध्ये निघालेल्या १.६ या स्थिर आवृत्तीत मराठी नीट जुळते. मग अडते कुठे?

पहिली अडचण स्तंभाची. दैनिकाचा स्तंभ अरुंद आणि मराठी शब्द लांब. 'ग्रामपंचायतीसमोरच्या' हा एकच शब्द अर्धी ओळ खातो. तो कुठे तोडावा हे यंत्राला कळले नाही, तर आधीच्या ओळीत शब्दांमध्ये खिंडारे पडतात. ती बुजवायला अक्षरांतले अंतर ताणावे, तर शिरोरेघ तुटते. रोमन लिपीत अक्षरे विलग असतात म्हणून ताणणे खपते. देवनागरीत शब्दच विस्कटतो. तेव्हा मराठी निवडली की अक्षरांतले अंतर आपोआप गोठावे, फक्त शब्दांतले बदलावे, आणि शब्द तोडताना काना-मात्रा व जोडाक्षर मागच्या अक्षराला धरून राहावे, ही आमची पहिली मागणी. 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे फॉन्टमध्ये बहुधा असतात, पण भाषा मराठी ठरवल्याशिवाय ती उमटत नाहीत. ती निवड परिच्छेदागणिक न करता एकदाच करता यावी.

दुसरी मागणी फॉन्ट-बदलाची. पेजमेकरची फाइल स्क्रायबसमध्ये उघडता येते, पण आतला मजकूर खिचडीच राहतो. बदल करणारे साधन आज्ञावलीतच हवे आणि 'आचार्य'सारखे संशयित शब्द त्याने रंगवून दाखवावेत. मुद्रितशोधकाचे निम्मे काम तिथेच होईल.

छपाईच्या तयारीचेही आहेच. वर्डमधून आलेला काळा रंग पुष्कळदा चार रंगांचा होतो. चार प्लेटा केसभर सरकल्या तरी बारीक मात्रा पुसट होतात. असा काळा आला की प्लेट निघण्याआधीच इशारा हवा, आणि एका क्लिकमध्ये तो केवळ काळ्या प्लेटवर आणता यावा. सोळा पानी फर्म्याची मांडणी, जिथे पहिल्या पानाशेजारी सोळावे येते, आज वेगळ्या साधनाने करावी लागते. तीही आत यावी. आणि पीडीएफमधून मराठी शब्द शोधता यावा. नाहीतर आजचा अंक उद्या केवळ चित्र.

शेजारचे उदाहरण सांगण्यासारखे आहे. कन्नडसाठी कर्नाटक सरकारने 'नुडी' ही टंकलेखनाची आज्ञावली लोकांना मोफत दिली. त्या भाषेचा हेवा करण्याचे कारण नाही. तेवढीच तत्परता मुंबईने दाखवावी, इतकेच म्हणणे आहे. दोन-चार जाणकारांना वर्षभर पगारावर बसवले, तरी वरील बहुतेक कामे पुढे सरकतील.

स्क्रायबसचे कर्ते स्वयंसेवक आहेत आणि देवनागरी वाचणारे त्यांत विरळाच. बिघडलेले अक्षर त्यांना कोणी दाखवल्याखेरीज दिसणार नाही. यासाठी आम्ही कार्यालयात एक वही ठेवली आहे. छापखानेवाल्यांनी व वाचकांनी चुकलेला शब्द, बरोबर शब्द आणि फॉन्टचे नाव लिहून कळवावे. 'आचार्यांना मजुरी' पहिल्या पानावर लिहून झाले आहे.