सुट्टी पायांना नको, आग्रहाला द्या

जूनमध्ये शाळा सुटल्या की ॲन आर्बरच्या आपल्या मराठी घरांत दोन प्रकारचे बेत सुरू होतात. काहीजण बॅगा भरून भारताच्या वाटेला लागतात, तर काहीजण चार-पाच कुटुंबांचा गट करून उत्तर मिशिगनमध्ये केबिन भाड्याने घेतात. दोन्हीकडे एक गोष्ट मात्र सारखीच घडते. एरवी गॅलप पार्कला नेमाने फेऱ्या मारणारे पाय थांबतात आणि तोंड सकाळपासून रात्रीपर्यंत चालू राहते. "सुट्टीत कसले आले पथ्य!" असे म्हणून आपण सगळेच मोकळे होतो.

चार पौंड वजन वाढले तर परत आल्यावर उतरवता येईल, हे खरे. पण आपल्या लोकांच्या बाबतीत प्रश्न नुसत्या वजनाचा नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले मधुमेह-संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपल्या दोघांचा फोटो छापला. उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के! म्हणजे जुना शर्ट अजून होतो, एवढ्यावर निर्धास्त राहण्याची सोय आपल्याला नाही. अमेरिकन डायबेटिस असोसिएशननेही २०१५ साली आशियाई वंशाच्या लोकांसाठी तपासणीची मर्यादा २५ वरून २३ वर आणली. आपल्या पिकनिकला जमणाऱ्यांत साखरेच्या गोळ्या घेणारे थोडे नाहीत. बरेचजण ते बोलून दाखवत नाहीत, एवढेच.

आमचा मुद्दा इथेच आहे. सुट्टीतले पथ्य आपण खाणाऱ्यावर सोपवतो. पण आपल्या पंक्तीत 'नको' म्हणणे सोपे असते का? तिसरी पुरणपोळी नाकारायला कारण द्यावे लागते. "डॉक्टरांनी सांगितलंय" म्हटले की लगेच, "अरे, तुला कधीपासून?" ही चौकशी टाळण्यासाठी माणूस मुकाट्याने श्रीखंड खातो. मग पथ्य त्याने मोडले की वाढणाऱ्याने मोडवले? आपल्या आजीच्या काळी आग्रहाला अर्थ होता. गोडधोड सणावारीच होई आणि पाहुणा बराचसा चालत आलेला असे. आज श्रीखंडाचा डबा बारा महिने फ्रीजमध्ये असतो आणि पाहुणा गाडीतून उतरतो तो थेट सोफ्यावर बसतो.

तेव्हा सहलीची यादी करतानाच थोडा विचार व्हावा. प्रत्येक घराने 'काहीतरी गोड' आणले की पाच घरांचे पाच गोड पदार्थ होतात. त्याऐवजी एक गोड, दोन कोशिंबिरी, एक उसळ असे आधीच वाटून घ्यावे. मॅकिनॉ सिटीपर्यंतचा प्रवास चार तासांहून जास्त आहे. वाटेत फ्राइज आणि कोक घेण्यापेक्षा दशम्या, शेंगदाण्याची चटणी, काकडी आणि भाजलेले चणे बरोबर असलेले काय वाईट? शिदोरी ही आपलीच पद्धत आहे.

मॅकिनॉ बेटावर तर १८९८ पासून मोटारींना बंदी आहे. बेटाला वळसा घालणारा रस्ता सुमारे आठ मैलांचा, बहुतेक सपाट आणि पाण्याच्या कडेने जाणारा. तरीही आपण काय करतो? घोडागाडीत बसतो, फज घेतो आणि परतीची फेरीबोट पकडतो! फज जरूर घ्यावा, पण आधी सायकलने वळसा घालावा आणि मग एक तुकडा चौघांत वाटावा. केबिनवर जेवणे झाली की पत्ते मांडण्याआधी सगळ्यांनी पंधरा मिनिटे चालून यावे. चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात, त्यामुळे जेवणानंतरची साखर कमी चढते.

भारतात गेल्यावर आग्रहाचा हा मारा आपल्यावर होतो. तिथे आम्हाला एक उपाय सुचतो. मावशी, काकू विचारतातच, "काय करू तुझ्यासाठी?" तेव्हा "काहीही चालेल" म्हणू नये. ज्वारीची भाकरी, पिठले, मेथीची भाजी, मुगाची उसळ आणि ताक मागावे. मावशीच्या हातची भाकरी इथे मिळत नाही, हे खरेच आहे. तिलाही करायला आनंद वाटतो. पुण्यात असाल तर सकाळी पर्वती चढावी. फार पाऊस असेल तर इमारतीचा जिना कुठे पळून जात नाही. विमानात मधून मधून उठून चार पावले टाकावीत. उन्हाळ्यात भारताचे घड्याळ आपल्यापुढे साडेनऊ तास असते, म्हणून इन्शुलिनच्या आणि गोळ्यांच्या वेळा निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून घ्याव्यात. औषधे हातातल्या बॅगेत ठेवावीत.

कोणी म्हणेल, वर्षातून एकदा सुट्टी मिळते, तिथेही हिशेबच करायचा का? मुळीच नाही. आमरस मिळाला तर वाटीभर खावा, मिटक्या मारीत खावा. दुसरी वाटी घ्यायची की नाही, हे मात्र ज्याचे त्याला ठरवू द्यावे. आग्रह थांबला तर कोणाला हिशेब करत बसावे लागणार नाही आणि आपला आजार चारचौघांत सांगावाही लागणार नाही.

म्हणून येत्या सहलीसाठी आम्ही एकच नियम सुचवतो. वाढणाऱ्याने एकदाच विचारावे. 'नको' ऐकले की पातेले पुढे न्यावे आणि 'का' हे विचारू नये. पटले तर सामानाच्या यादीत सगळ्यात वर हे लिहून ठेवा.