लाखेची मोहोर

विम्याचे पाकीट टपालात टाकण्यापूर्वी त्याच्या सांध्यांवर लाखेची मोहोर उठवण्याची पद्धत पेढ्यांवर आणि बँकांत अनेक वर्षे होती. लाखेची कांडी मेणबत्तीवर धरायची, ठिपका पाडायचा आणि तो निवण्याच्या आत पितळी शिक्का दाबायचा. शिक्क्यावर उलटी कोरलेली अक्षरे लाखेवर सुलटी उमटत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घरोघरी वाजलेली ग्रामोफोनची तबकडी याच रीतीने तयार होई. मराठीने तिला ‘ध्वनिमुद्रिका’ म्हटले. मुद्रा म्हणजे शिक्का, तेव्हा हा शब्द घडवणाऱ्याने वस्तू नीट पाहिली होती असेच म्हणावे लागते.

मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या त्या काळ्या तबकडीचा बांधा लाखेचा होता. पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे वस्ती करतात आणि स्वतःभोवती राळेसारखे कवच तयार करतात. ते खरवडून, धुऊन, वितळवून आणि पातळ ताणून ‘चपडा’ तयार होतो. छोटा नागपूरचे जंगल हे त्याचे मोठे आगर. आपल्याकडे गोंदिया हे लाखेच्या व्यापाराचे जुने ठिकाण. जगाला लागणाऱ्या लाखेचा फार मोठा वाटा हिंदुस्थानातून, कलकत्त्याच्या बंदरातून जात असे. रांचीजवळ नामकुम येथे 1924 साली लाखेसाठी स्वतंत्र संशोधन संस्था उभी राहिली, यावरून या मालाचे मोल कळते.

गंमत अशी, की कच्चा माल येथला असूनही आरंभी तबकडी परदेशातून येई. 1902 मध्ये फ्रेड गायसबर्ग हा इंग्रज कंपनीचा ध्वनिमुद्रक कलकत्त्यास आला आणि त्याने गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. ते साचे जर्मनीत हॅनोव्हरला गेले आणि तबकड्या तेथून आगबोटीने परतल्या. 1908 साली कलकत्त्यात सियालदह येथे कारखाना निघाला आणि हा फेरा थांबला. पुढे तो कारखाना डमडमला गेला. ‘हिज मास्टर्स व्हॉइस’चे कुत्र्याचे चित्र ज्या तबकड्यांवर गावोगाव पोहोचले, त्यांचे हे माहेर.

ध्वनिमुद्रण मेणाच्या जाड चकतीवर होई. 1925 पूर्वी मायक्रोफोन नव्हता. गायकाने कर्ण्यात तोंड घालून गायचे आणि त्या आवाजाच्या जोरावर सुई मेणात नागमोडी रेघ कोरायची. चुकले तर खोडायची सोय नाही. नवी चकती घ्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून गायचे. मेणावर शिशाच्या भुकटीसारखे ग्राफाइट चोळून ती चकती विजेच्या हौदात सोडली, की तीवर तांब्याचा थर चढे. तो सोलून काढला की मेणावरच्या खाचेच्या जागी धातूवर उंचवटा मिळे. हा उलटा साचा म्हणजे ‘बाप’. त्यावरून पुन्हा धातूची सुलटी प्रत, ती ‘आई’. आणि आईवरून काढलेले उलटे ठसे प्रत्यक्ष दाबयंत्रात बसत. एका मुद्रणातून हजारो प्रती निघत त्या या वंशावळीच्या बळावर. ठसा झिजला तर आईकडून दुसरा घ्यायचा. मूळ साच्याला हात लावायचा नाही. मुद्दल जपून व्याजावर व्यवहार चालवणाऱ्या माणसास ही रीत वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

दाबयंत्रातील माल म्हणजे चपडा, दगडाची बारीक पूड, काजळी आणि थोडा कापसाचा तंतू यांची गरम पोळी. वर एक ठसा, खाली एक ठसा, दोहोंवर गाण्याच्या नावाची कागदी चकती, मधे ती पोळी. वाफेने तापवून दाब द्यायचा, लगेच थंड पाण्याने निववायचे, कडा घासायच्या, झाली रेकॉर्ड. दगडाची पूड घालण्यामागे हेतू होता: पोलादी सुई तिच्यावर घासून खाचेच्या मापाची व्हावी. त्यामुळे खाच वाचे आणि सुई मरे. प्रत्येक बाजूनंतर सुई बदलावी, असा दंडक त्यामुळेच होता. यंत्र एकदा विकले जाई. सुयांच्या डब्यांना मात्र गिऱ्हाईक कायमचे.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूस जेमतेम सव्वातीन मिनिटे मिळत. तासभर राग आळवणाऱ्या गायकास हा हिशेब जाचक वाटला असेल, यात नवल नाही. तरीही अब्दुल करीम खाँ, केसरबाई केरकर, हिराबाई बडोदेकर यांनी त्या कोंदणात गाणे बसवले. मराठी भावगीताचा तर जन्मच या सवातीन मिनिटांच्या घरात झाला. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता नागपूरचे तरुण वकील गजानन जोशी, म्हणजे जी. एन. जोशी, यांनी गायिली. तिची रेकॉर्ड गाजली आणि वकील महाशय पुढे एचएमव्हीच्या मुंबई कचेरीत ध्वनिमुद्रणाचे अधिकारी झाले. याच सुमारास, 1935 साली, मुंबईत ‘यंग इंडिया’ ही स्वदेशी छाप निघाली. वडाळ्याला तिचा कारखाना होता. मोठ्या कंपनीपुढे ती वीसेक वर्षे टिकली, हेही थोडे नव्हे.

आता आपल्या शहराकडे. त्या काळचे औरंगाबाद निजामाच्या राज्यात होते. मुंबईकडून येणारा माल मनमाडला मोठ्या रुळावरून उतरे आणि छोट्या रुळाच्या गाडीत चढे. तांदळाच्या पोत्याला या अदलाबदलीचे काही वाटत नाही. लाखेची तबकडी मात्र हातातून निसटली की काचेसारखी फुटते. मग संस्थानची करोडगिरी, म्हणजे जकात, शेकडा पाच. आणि हिशेब दोन नाण्यांत: मुंबईचे देणे कलदार रुपयात, गिऱ्हाइकाचे येणे हाली सिक्क्यात, सात हालींना सहा कलदार. फूट, जकात आणि वटाव हे तिन्ही धरूनच येथल्या व्यापाऱ्याला किंमत बसवावी लागे. त्यात माल असा की त्याची प्रत वजनाने, रंगाने वा वासाने पारखता येत नाही. कंपनीची मासिक यादी येई, तीत नव्या रेकॉर्डांचे क्रमांक आणि गायकांची छायाचित्रे असत. नाट्यगीत किती, कव्वाली किती आणि सिनेमाचे गाणे किती मागवायचे, हा अंदाज मराठी-उर्दू अशा दुहेरी गावात चुकला, की फळीवर रक्कम अडकून पडे.

जैन व्यापारी घरांच्या दृष्टीने या तबकडीत आणखी एक प्रश्न दडलेला होता. श्रावकाच्या सातव्या व्रताच्या विवेचनात जी पंधरा कर्मादाने वर्ज्य सांगितली आहेत, त्यांत लाक्षावाणिज्य आहे. उपासकदशांगात ही यादी येते. आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात लाखेबरोबर नीळही गणली आहे. कारण उघड आहे. लाख खरवडताना असंख्य जीव जातात. मराठीत ‘लाख’ हा शब्द संख्येलाही आहे, हे येथे अस्वस्थ करते. मोंढ्यावर लाखेची पोती ठेवण्यास जो नकार देई, त्याच्याच दिवाणखान्यात लाखेवर उमटलेले भजन वाजत असू शकते. त्याला दांभिक म्हणणे अन्यायाचे होईल. पोते दिसते, तबकडीतली लाख दिसत नाही. व्रताचा शब्द विक्रीविषयी आहे, घरी वाजवण्याविषयी नाही, असा बचावही करता येईल. परंतु रेकॉर्डांचे दुकान चालवणाऱ्यास तो बचाव पुरत नाही. कच्च्या मालाची चौकशी तयार मालापाशी येऊन थांबते, ही अडचण आजच्या सौंदर्यप्रसाधनांच्या आणि चकाकणाऱ्या गोळ्यांच्या व्यापारातही आहे; लाखेचे अस्तर तेथेही असते.

तबकडीपुरता हा प्रश्न धर्मचर्चेने सुटला नाही, रसायनशास्त्राने सुटला. दुसऱ्या महायुद्धात लाख दुर्मिळ झाली. 1942 मध्ये अमेरिकेने मुलकी वापरावर कडक कपात लादली. 1948 साली कोलंबिया कंपनीने तेथे व्हिनाइल या प्लास्टिकची, मिनिटाला 33⅓ फेरे घेणारी तबकडी आणली. खाच बारीक, वजन हलके, पडली तरी फुटत नाही आणि एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक गाणे. आपल्याकडे दोन्ही प्रकार बरीच वर्षे शेजारी नांदले. 78 ची तबकडी 1970 च्या सुमारास बंद झाली. पुढे 1975 च्या ‘शोले’ची गाण्यांपेक्षा संवादांची रेकॉर्ड अधिक खपली, तेव्हा फळीवर केवळ व्हिनाइल होते. मनमाडची धास्ती आणि लाक्षावाणिज्याचा पेच, दोन्ही एकाच वेळी संपले. दुसरे संपल्याचे फारसे कोणाच्या ध्यानात आले नाही.

ज्यांच्या माळ्यावर जुन्या पेटीत अशा रेकॉर्डा असतील त्यांनी त्या उभ्या ठेवाव्यात, एकावर एक आडव्या रचू नयेत. जड, ठिसूळ आणि 78 असे छापलेली ती लाखेची; ती व्हिनाइलच्या सुईवर वाजवू नये. धूळ मऊ फडक्याने टिपावी. स्पिरिट मात्र मुळीच लावू नये. सुतार फर्निचरच्या पॉलिशसाठी चपडा स्पिरिटमध्येच विरघळवतो, आणि तबकडीतला चपडाही तेवढ्याच सहज विरघळतो.