एकर तिचा, सातबारा कोणाचा?

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे वर्ष 'आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष' म्हणून घोषित केले आहे. त्यानिमित्त परिसंवाद आणि सत्कार ओघाने येतीलच. मात्र ग्रामीण महिला शेतीचे ज्ञान एकमेकींपर्यंत कसे पोहोचवतात आणि ते स्वतःच्या जमिनीत वापरण्याचा अधिकार त्यांना कितपत आहे, हे तपासून पाहिल्याशिवाय या गौरवाला अर्थ नाही.

या संदर्भात मराठवाड्याचा अनुभव बोलका आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत पुनर्वसनाची माहिती घरोघरी पोहोचविण्यासाठी गावातील महिलांनाच 'संवाद सहायक' म्हणून नेमण्यात आले. या कामातून महिलांचे संघटन उभे राहिले आणि 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या कार्याला आकार आला. पुढे दुष्काळाने सलग फटके दिले. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. नगदी पिकाच्या भरवशावर घर चालत नाही, हे तोवर स्पष्ट झाले होते. त्यातून 'एक एकर शेती'चा प्रयोग रुजला. कुटुंबाकडून अर्धा-एक एकर मागून घ्यायचा आणि त्यात कडधान्ये, ज्वारी, भाजीपाला अशी मिश्र पिके शेणखत, गांडूळखत व जीवामृतावर घ्यायची. आधी घरचे ताट भरायचे, उरेल ते बाजारात न्यायचे. या कार्यासाठी संस्थेला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे 'इक्वेटर' पारितोषिक मिळाले.

असे प्रयोग पसरतात ते गटाच्या बैठकीतील अनुभवकथनातून. कोणते बियाणे कमी पावसात तगले, कोणता अर्क वाया गेला, हे शेजारच्या गावची बाई सांगते तेव्हा ते पटते. कारण तिची जमीन आणि तिची अडचण ऐकणारीसारखीच असते. अहिल्यानगर जिल्ह्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. पण गावरान वाणांची बँक उभारून २०२० मध्ये 'पद्मश्री'च्या मानकरी ठरल्या. वाण आणि त्याची माहिती हातोहात पुढे जाते, हेच त्यांच्या कार्याचे मर्म आहे. याउलट कृषी मेळाव्यातील भाषणे आजही बहुधा 'शेतकरी बंधूंनो' अशाच संबोधनाने सुरू होतात.

तथापि, या यशाची एक बाजू दुर्लक्षित राहते. 'मागून घेतलेला' एकर परतही मागितला जाऊ शकतो. सेंद्रिय खताने जमिनीचा कस सुधारायला काही वर्षे लागतात. पुढच्या हंगामात तो तुकडा हाती असेल की नाही, याचीच शाश्वती नसेल तर बांधबंदिस्ती करायची कोणी? २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातील वहिती खातेदारांत महिलांचे प्रमाण सुमारे १४ टक्केच होते. राज्याने १९९४ मध्ये व केंद्राने २००५ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क दिला. पण विवाहित स्त्री राबते ती सासरच्या जमिनीत, आणि पती हयात असेपर्यंत तेथे तिचे नाव लागण्याची तरतूद या सुधारणांत नाही. सातबारावर नाव नसले की पीक कर्जापासून 'पीएम-किसान'पर्यंत सारेच अवघड होऊन बसते.

शेतकरी संघटनेने शरद जोशींच्या नेतृत्वाखाली 'लक्ष्मीमुक्ती' अभियानातून हाच प्रश्न मांडला होता; अनेक शेतकऱ्यांनी स्वेच्छेने पत्नीच्या नावे जमीन केली. डॉ. एम. एस. स्वामीनाथन यांनी २०१२ मध्ये राज्यसभेत मांडलेले महिला शेतकरी हक्क विधेयक मात्र मंजूर होऊ शकले नाही.

तेव्हा सत्कारांपेक्षा दोन गोष्टी तातडीच्या आहेत. सातबारावर पती-पत्नीच्या संयुक्त नोंदीसाठी गावपातळीवर मोहीम हवी आणि कृषी विस्ताराच्या कामात या अनुभवी महिलांना मानधनासह अधिकृत स्थान हवे. जमीन कशी राखावी हे सांगणाऱ्या बाईला ती आपल्याकडे राहील याची खात्री नसेल, तर महिला शेतकरी वर्ष कॅलेंडरापुरतेच उरेल.