वृत्ती कुणाची तपासायची?



‘बायकांत उद्योजकतेची वृत्तीच नसते’ आणि ‘बायका नोकरी मात्र निष्ठेने करतात’ ही दोन वाक्यं बचत गटांच्या प्रशिक्षणांमधून मी गेली दहा वर्षं ऐकते आहे. बहुतेकदा एकाच दिवशी, एकाच वक्त्याकडून. एक तक्रार, दुसरं कौतुक. दोन्हींत झडती होते ती बाईच्या मनाची. तिच्या हातात काय आहे, हे विचारलं जात नाही.

मानसशास्त्र या वक्त्यांच्या बाजूचं नाही. आयझेन यांनी १९९१ साली सविस्तर मांडलेल्या सिद्धांतानुसार माणसाचा इरादा तीन गोष्टींतून घडतो: ते काम आपल्याला बरं वाटतं का, आपली माणसं काय म्हणतील, आणि ते करणं आपल्या हातातलं वाटतं का. स्वतःचे चार पैसे कुठल्या बाईला नको असतात? अडतं पुढच्या दोन प्रश्नांपाशी. सातबाऱ्यावर नाव नाही, तारण नाही, तालुक्याला एकटीने जायचं तर घरात चार जणांना विचारायचं. अशा बाईला ‘हे आपल्या हातातलं नाही’ वाटत असेल, तर तिची वृत्ती अधू नाही, तिचा अंदाज अचूक आहे.

बँड्युरा यांनी तर १९७७ मध्येच सांगितलं होतं की ‘मला जमेल’ हा भरवसा सर्वांत पक्का येतो तो स्वतः करून पाहिल्याने, मग आपल्यासारखीला करताना पाहिल्याने. उपदेशाचा नंबर त्यानंतर. आपली प्रशिक्षणं मात्र उपदेशावरच उभी आहेत. (चहा-बिस्किटं धरून.)

लिज्जतचं उदाहरण सगळेच देतात, पण अर्धवट. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यांची वृत्ती कुणी तपासली नव्हती. पापड त्यांना येत होते आणि धोका सात जणींत वाटलेला होता. पुढे लाटणारी प्रत्येक बाई सभासद, म्हणजे मालकीण झाली, नफ्यातोट्याची वाटेकरी. लाटण्याचं काम घरातच राहिलं ही टीका मला पटते. तरीही बाईला येतं ते ‘घरकाम’ न मानता भांडवल मानलं, ही गोष्ट मोठी.

म्हसवडच्या माणदेशी महिला बँकेचा परवान्याचा पहिला अर्ज सभासद निरक्षर म्हणून नाकारला गेला. बाया लिहा-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि ‘व्याजाचा हिशेब घाला, तोंडी करून दाखवतो’ म्हणाल्या. १९९७ मध्ये बँक उभी राहिली. हिशेब त्यांना आधीही येतच होता. तो ज्ञानात धरला जात नव्हता, इतकंच.

आता निष्ठेकडे वळू. मायर आणि अ‍ॅलन या संशोधकांनी १९९१ मध्ये तिचे तीन प्रकार सांगितले: मनापासून राहणं, कर्तव्य म्हणून राहणं, आणि सोडून जाणार कुठे म्हणून राहणं. आपली अंगणवाडी सेविका यांतल्या कशापोटी राहते? मुलांचा लळा खरा आहे, मी तो रोज पाहते. पण १९७५ पासून तिला ‘सेविका’ म्हणून मानधनावर ठेवणाऱ्या व्यवस्थेला या लळ्याची नेमकी किंमत माहीत आहे. मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारने याच सेविकांना मेस्मा लावला आणि गदारोळ झाल्यावर स्थगित केला. वेतन मागितलं की ती मानसेवी, संप केला की अत्यावश्यक! एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका व मदतनीसांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. तरी डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविका संपावर गेल्या, तेव्हा मागण्यांत ग्रॅच्युइटी होतीच.

आणि हीच सेविका दुपारनंतर शिवणयंत्रावर बसते, गटाचे हिशेब लिहिते. उद्योगाची इच्छा आणि नोकरीची निष्ठा या तिच्याकडे दोन वेगळ्या ‘वृत्ती’ नाहीत. एकीचं मानधन अपुरं म्हणून दुसरी धरायची, दुसरीचा भरवसा नाही म्हणून पहिली सोडायची नाही.

पुढच्या अंकासाठी गटांनी आपले अनुभव पाठवावेत. यशोगाथा नकोत, त्या सरकारी पुस्तिकांत पुष्कळ आहेत. कर्ज कुणाच्या नावावर निघालं, पैसा कुणाच्या हातात गेला, माल विकायला कोण गेलं, आणि धंदा बंद पडला तर हप्ते कुणी फेडले, एवढं लिहा. लिहिता येत नसेल तर गटातल्या कुणाला तरी सांगून लिहवून घ्या.