चाकणच्या गाड्यांमधलं सॉफ्टवेअर : शिकायला फी नेमकी कशाची भरायची?

पिंपरी-चिंचवड आणि चाकण म्हटलं की डोळ्यांसमोर प्रेस शॉप, वेल्डिंग आणि असेंब्ली लाइन येते. पण इथं बनणाऱ्या गाडीतली बरीच कामं आता कोड करतो. म्हणूनच डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग झालेली मुलं 'एम्बेडेड'चा क्लास शोधताना दिसतात. गंमत अशी, की यासाठी लागणारं बरंचसं सॉफ्टवेअर मोफत आणि खुलं आहे. मग क्लासची फी कशासाठी?

गाडीत एवढं सॉफ्टवेअर आलं कुठून?

एक कारण नियमांत आहे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आलं आणि दुचाकींमधला कार्ब्युरेटर जवळपास हद्दपार झाला. पेट्रोल किती फवारायचं, हे आता ईसीयू नावाचा छोटा कॉम्प्युटर ठरवतो.

इलेक्ट्रिक गाड्यांनी त्यात भर घातली. आकुर्डीत बनणारी बजाज चेतक असो की चाकणमधली महिंद्राची बीई ६, बॅटरीचं तापमान आणि व्होल्टेज सतत तपासणारी यंत्रणा तिच्यात असतेच. यंत्राच्या पोटात बसून ठरावीक काम करणाऱ्या अशा कॉम्प्युटरला एम्बेडेड सिस्टिम म्हणतात.

तिला ऑपरेटिंग सिस्टिम कशाला लागते?

बॅटरीचंच उदाहरण घ्या. सेल तपासायचे, स्क्रीनवर चार्ज दाखवायचा, मोबाइल अ‍ॅपला माहिती पाठवायची. समजा, या सगळ्याला प्रोसेसर एकच आहे. सेल तापत असताना तो अ‍ॅपच्या कामात अडकला तर?

आधी कोणतं काम उचलायचं, हे शिफ्टचा सुपरवायझर सांगतो. इथं ते काम 'रिअल टाइम ऑपरेटिंग सिस्टिम', म्हणजे आरटीओएस करते. रिअल टाइमचा अर्थ 'वेगवान' असा नाही. ठरलेल्या मुदतीत, दर वेळी काम होणं म्हणजे रिअल टाइम.

यात खुलं काय आहे?

रिचर्ड बॅरी यांनी सुरू केलेली 'फ्रीआरटीओएस' २०१७ पासून अ‍ॅमेझॉन सांभाळते. 'झेफिर' हा प्रकल्प २०१६ पासून लिनक्स फाउंडेशनकडे आहे. गाडीतल्या मोठ्या स्क्रीनसारख्या कामांसाठी 'ऑटोमोटिव्ह ग्रेड लिनक्स' आहे. २०२४ मध्ये रिअल टाइमची सोय मूळ लिनक्समध्येही आली.

शिकणाऱ्याच्या दृष्टीनं, हे फुकट आहे यापेक्षा कोड उघडून वाचता येतो हे मोठं आहे. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेलं नासाचं पाथफाइंडर यान वारंवार रीसेट होत होतं. कमी महत्त्वाच्या कामानं एक सामायिक साधन अडवून ठेवल्यामुळे महत्त्वाचं काम खोळंबत होतं. यावरचा उपाय कोडमध्ये कसा लिहितात, हे आज फ्रीआरटीओएस उघडून कुणालाही पाहता येतं.

घरबसल्या किती शिकता येतं?

बरंच. सी भाषा पक्की असेल तर 'क्यूईएमयू' या मोफत प्रोग्रामवर, बोर्ड विकत न घेता, लॅपटॉपवरच झेफिर चालवता येते. पुढे काही शे रुपयांत ईएसपी३२ बोर्ड मिळतो. त्याच्या अधिकृत सॉफ्टवेअर किटमध्ये फ्रीआरटीओएस आधीच असते.

गाडीतले ईसीयू एकमेकांशी 'कॅन बस'वरून बोलतात. लिनक्समध्ये त्यासाठी 'सॉकेटकॅन' आहे, आणि तारा न जोडता सराव करायला व्हर्च्युअल कॅनही आहे. विशेष म्हणजे सॉकेटकॅन मुळात फोक्सवॅगनच्या संशोधन विभागातून आलं. याच फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये चाकणला सुरू झाला.

मग अडतं कुठं?

तीन ठिकाणी. पहिलं, खरं हार्डवेअर. सैल जोडणी किंवा तारेतला विद्युत गोंगाट लॅपटॉपवर दिसत नाही. त्यासाठी ऑसिलोस्कोप लागतो आणि शेजारी उभं राहून दाखवणारं माणूस लागतं.

दुसरं, सुरक्षेचा पुरावा. ब्रेकसारख्या यंत्रणेचा कोड नुसता चालून भागत नाही. तो कसा लिहिला, कसा तपासला याची नोंद आयएसओ २६२६२ या मानकानुसार ठेवावी लागते. म्हणूनच फ्रीआरटीओएसच्या धर्तीवरची 'सेफआरटीओएस' ही प्रमाणित आवृत्ती वेगळी, पैसे देऊन घ्यावी लागते.

तिसरं, भाषा आणि वेळ. या प्रकल्पांची माहितीपत्रं मुख्यतः इंग्रजीत आहेत. शिफ्ट करून घरी आलेल्या आयटीआयच्या मुलाला ती एकट्यानं वाचणं जड जातं. खरं तर सेन्सर कुठं बसतो आणि का बिघडतो, हे त्यानं लाइनवर पाहिलेलं असतं. ही जाण पुस्तकातून येत नाही. त्यामुळे संध्याकाळची लॅब आणि मराठीतून समजावणारा शिक्षक मिळाला, तर या मुलांचा फायदा इतरांपेक्षा जास्त होऊ शकतो.

फी भरण्याआधी काय विचाराल?

पुण्यात सी-डॅकचा एम्बेडेड डिप्लोमा आहे, खासगी क्लासही आहेत. कुठंही जा, हे चार प्रश्न विचारा :

• फक्त ८०५१ शिकवणार, की आरटीओएसही?
• कॅन बसवर दोन खरे बोर्ड जोडून काम करायला मिळेल का?
• माझा कोड ओळीओळीनं तपासून चुका कोण दाखवणार?
• कोर्स संपल्यावर कंपनीला दाखवता येईल असं माझं स्वतःचं काम हातात असेल का?

उत्तरात नुसती सॉफ्टवेअरची यादी आली, तर थांबा. ती सॉफ्टवेअर तुम्हाला घरी फुकट मिळतात. पैसे द्यायचेच असतील तर लॅबचे आणि शिकवणाऱ्याच्या वेळेचे द्या.